याकोबाचं पत्र आणि दीड किलो मिरच्या

प्रवचनात स्वयंपाकघर शिरलं की मी सावरून बसतो. पुढे काय येणार ते पाठ असतं. कणीक तिंबल्याशिवाय पोळी मऊ होत नाही, सोनं तापल्याशिवाय उजळत नाही, तसंच भाविकाचं. तिकडे बाकांवरच्या बायका एकमेकींकडे बघतात. सांगणाऱ्याने जन्मात कणीक मळलेली नाही हे त्यांनी त्याच्या हातवाऱ्यांवरूनच ओळखलेलं असतं. कणीक मळताना कोणी बोटं अशी फाकवत नाही.

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असंही आपल्याकडे म्हणतात. म्हणणारा बहुतेक वेळा हातोडीच्या लाकडी बाजूला उभा असतो.

हे सगळं कळत असून गेल्या मे महिन्यात मी स्वतःच कसोटी आणि स्वयंपाक या विषयावर चार पानं लिहून काढली. ती वाचून दाखवण्याआधी इमारत रिकामी करावी लागली, हा भाग पुढे येईलच.

मे हा मरियामातेचा महिना. आमच्या मीरा रोडला धर्मग्रामातल्या, म्हणजे पॅरिशमधल्या, इमारतींचे छोटे छोटे समूह केलेले आहेत आणि मे महिन्यात रोज संध्याकाळी एकेकाच्या घरी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, होते. आमच्या समूहात मंगळूरचे आहेत, गोव्याचे आहेत, केरळचे आहेत, एक तमिळ कुटुंब आहे आणि आम्ही ईस्ट इंडियन. एकच प्रार्थना चार-पाच भाषांतून फिरत जाते, मग पाच मिनिटांचं चिंतन, मग सरबत आणि सामोसे. चिंतनाची पाच मिनिटं फार लांब असतात, कारण सामोसे दिसत असतात.

त्या वेळी चिंतनासाठी नव्या करारातलं याकोबाचं पत्र घेतलं होतं. समूहाच्या बाईंनी विचारलं, पहिल्या अध्यायातला कसोट्यांचा भाग कोण घेईल? सगळे पंख्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, मी घेतो. कसोट्यांचा अनुभव आपल्याला आहे, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. संत पौलाने आपल्या हालांची यादी एका पत्रात दिली आहे: पाच वेळा फटके, तीन वेळा जहाज फुटलं, शिवाय दगडफेक, भूक, थंडी. माझी यादीही काही कमी नव्हती. संध्याकाळी विरार फास्टमध्ये चुकून चढलेला मीरा रोडचा प्रवासी उतरताना काय सोसतो, ते ज्याने सोसलंय त्यालाच माहीत. शिवाय पाणीकपात होती आणि कोलेस्टेरॉल होतं.

याकोब म्हणतो ते थोडक्यात असं की निरनिराळ्या कसोट्या आल्या तर त्यात आनंद माना, कारण विश्वासाची पारख झाली की चिकाटी येते. मी पहिल्या अध्यायाची सुरुवातीची तीन वचनं वाचली आणि पुस्तक मिटलं. विषय आवाक्यात आला होता. दाखलाही लगेच सुचला: बॉटल मसाला.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आम्ही ईस्ट इंडियन म्हणजे बंगालकडचे नव्हे. मुंबई, साष्टी, वसई, ठाणे इथलेच मराठी बोलणारे मूळ ख्रिस्ती. हे नाव १८८७ साली घेतलं. ते व्हिक्टोरिया राणीच्या राज्याचं सुवर्णमहोत्सवी वर्ष होतं आणि बाहेरून आलेल्या इतर ख्रिस्ती लोकांपासून आम्ही वेगळे दिसावं अशी गरज होती. नोकऱ्यांचा प्रश्न होता. नोकऱ्या मिळाल्या, पण नाव असं निवडलं की पश्चिम किनाऱ्यावर बसून जन्मभर पूर्वेचा खुलासा करत राहावं लागतं. धर्म आणि मिरची दोन्ही आमच्याकडे पोर्तुगीज गलबतांतून आली. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, त्या धामधुमीत आमचं उत्तन-भाईंदरकडचं धारावी बेटही सापडलं. पोर्तुगीज गेले, मराठे आले, मग इंग्रज आले आणि गेले. मिरची आणि धर्म राहिले. या मिरचीत धणे, हळद, तीळ, खसखस, चणाडाळ, गहू, दगडफूल, त्रिफळ, नागकेशर असे वीस-पंचवीस जिन्नस घालून पावसाआधी वर्षाचा मसाला करतात आणि बाटल्यांत भरतात, म्हणून तो बॉटल मसाला.

आता दाखला बघा. मिरची म्हणजे भाविक. ऊन म्हणजे पहिली कसोटी, विस्तव दुसरी, मुसळ तिसरी. शेवटी बाटली म्हणजे स्वर्ग, किंवा निदान मंडळी. हे लिहिताना मला स्वतःचाच इतका आदर वाटायला लागला की मी बायकोला उठवून वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तू कधी मिरच्या भाजल्यायस का?" आणि कूस बदलून झोपली.

प्रश्न झोंबला. पण रास्त होता. माझी मावशी उत्तनला राहते आणि तिचं मसाल्याचं काम त्याच आठवड्यात होतं. फोन केला, म्हटलं, या वर्षी मी मदतीला येतो. पलीकडे बराच वेळ काही आवाज आला नाही. मग म्हणाली, "ये. येताना बाटल्या आण."

बाटल्या म्हणजे बिअरच्या. तपकिरी काचेच्या. उजेड लागला की मसाल्याचा रंग उडतो, आणि तोंड अरुंद असलं की हवा कमी शिरते. वर काठीने ठासून भरला की वर्षभर टिकतो. प्लास्टिकचे डबे आले, पण मावशीच्या पिढीला तपकिरी बाटलीच लागते. मी भंगारवाल्याकडून गोणीभर बाटल्या घेतल्या. घरी आणून साबणाच्या पाण्याने धुतल्या आणि वाळायला खिडकीच्या ग्रिलमध्ये उलट्या लावल्या, ओळीने.

आमच्या सोसायटीत बहुसंख्य कुटुंबं गुजराती आणि मारवाडी, त्यांतली बरीचशी जैन. कांदा-लसूणही न खाणारी साधी, सज्जन माणसं. माझी खिडकी बरोबर गेटवरून दिसते. संध्याकाळी लिफ्टमध्ये सेक्रेटरी भेटले. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "घरी सगळं ठीक ना?" मी म्हटलं, "बाटल्या मसाल्यासाठी आहेत." ते मान हलवत राहिले. रुग्ण 'कधीतरी एखादा' म्हणतो तेव्हा डॉक्टर अशीच मान हलवतात. दुसऱ्या दिवशी दाराच्या फटीतून व्यसनमुक्तीचं पत्रक आलं. ते मी चिंतनात घेतलं. पान दोन: विश्वासासाठी सोसलेली निंदा.

भाईंदर पश्चिमेहून उत्तनची बस पकडली. मुर्धा, राई, मोर्वा ही गावं मागे पडतात, बाजूला मिठागरं दिसतात आणि रस्त्यात गतिरोधक किती आहेत ते मांडीवर बाटल्यांची गोणी असल्याशिवाय कळत नाही. प्रत्येक खळखळाटाला कंडक्टर बघायचा. गळ्यात क्रूस होता, तो मी शर्टाच्या आत घातला. पेत्राने कोंबडा आरवण्यापूर्वी येशूला तीनदा नाकारलं होतं. मी मुर्ध्याच्या स्टॉपलाच उरकलं.

मावशीच्या अंगणात चूल पेटलेली होती. पाटावर मावशी, शेजारच्या दोन बायका, सुपं, चाळण्या, आणि चटईवर दोन उन्हं खाल्लेल्या, देठ काढलेल्या मिरच्या. मी आधी विषय समजावून सांगितला. तिघींनी ऐकून घेतलं. मावशीने हातात उलथनं दिलं आणि खापरासमोर बसवलं. "मिरची परत. थांबू नको."

मिरच्या भाजणं हे काम लांबून अगदी किरकोळ दिसतं. जवळून पाहिलं तर असं आहे: मिरची खापरावर पडते तेव्हा मऊ, लवचिक असते. थोडी ऊब लागली की फुगते, चकाकते आणि वास सोडते. मग हळूहळू तिचा लाल रंग गडद व्हायला लागतो, आणि हाताला ती कुरकुरीत लागते. तिथून काळी पडायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात एक वाक्य बोलून होतं. मी पूर्ण परिच्छेद बोललो. "मावशी, बघ," मी म्हटलं, "विस्तवातून गेल्याशिवाय मिरचीला…"

"विस्तवातून गेली ती बघ," मावशी म्हणाली.

खापराच्या मध्यभागी कोळसे झालेले होते. कडेच्या मिरच्या तशाच कच्च्या. राखेचा बुधवार आमच्याकडे त्या वर्षी मे महिन्यात आला. वर जो खाट उठला त्याने शेजारणी पदर नाकाला लावून उठून गेल्या आणि मी डोळे चोळले. मिरचीच्या हाताने. त्यानंतरची पंधरा मिनिटं मला गावातल्या सगळ्या संतांची नावं आठवत होती.

मला मिरचीवरून काढून बाकीच्या जिन्नसांवर बसवलं. ते एकेक करून वेगवेगळे भाजायचे असतात हे सांगितलं होतं. पण सगळ्यांना विस्तव एकच, मग एकत्र टाकले तर वेळ वाचेल, असा हिशोब मी केला. चणाडाळ आणि खसखस एकदम घातली. डाळ तांबूस व्हायच्या कितीतरी आधी खसखस जळून काळी भुकटी झाली. तीळ टाकले ते तडतडून निम्मे अंगणात गेले. कोंबड्यांची सोय झाली. मावशी न बोलता खापर पुसून घेत होती आणि मी चार पानांतलं दुसरं पान मनातल्या मनात खोडत होतो. त्यावर लिहिलं होतं की कसोटीचा विस्तव सर्वांना सारखाच घडवतो.

कांडणाचं तर सांगायलाच नको. आता बरेच जण मसाला डंखावर कुटून आणतात, मावशी अजून उखळ सोडत नाही. दोघी समोरासमोर उभ्या राहतात, एकीचं मुसळ वर तेव्हा दुसरीचं खाली. हात नुसते चालत असतात, बोलणं गावातल्या लग्नांचं. मी मध्ये शिरलो. उखळात डोकं घातल्यावर मुसळाला काय भ्यायचं, असं मोठ्याने म्हटलं आणि पहिलाच घाव शेजारणीच्या मुसळावर घातला. तिने मुसळ बाजूला ठेवून मावशीला विचारलं, "यांना चहा देऊ का?" त्यातला अर्थ मला कळला.

चहा पिताना मात्र मी कामाचं विचारून घेतलं. मावशीने सोसलेलं थोडं नाही. काका बोटीवर होते, ते लवकर गेले. २०२० साली चर्चला कुलूप, बाजार बंद, ईस्टर घरात. पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं, १७ तारखेला, तेव्हा अंगणातलं सुकवायला घातलेलं सगळं गेलं आणि घराची कौलं गेली. मी वही काढली. म्हटलं, "या सगळ्यातून तू कशी घडलीस, सांग ना."

ती चाळण झटकत होती. "घडले कसली? काका गेले त्या दिवशी दुपारी हिने भात आणून दिला, तो जेवले. रात्री तिने कालवण आणलं. नऊ दिवस आमची चूल पेटली नाही." मग जरा थांबून म्हणाली, "वादळाच्या वेळी हिचंही छप्पर गेलं होतं, मग मी भात नेला."

मी आणखी थोडी वाट बघितली. तिचं सांगून झालं होतं. चिंतनाला लागेल असं काही हाती आलं नाही, म्हणून मी जरा खट्टूच झालो. एवढं आयुष्य आणि त्यातून निघालं काय, तर भात! वही मिटून ठेवली.

मराठी ख्रिस्ती माणसांत कसोटीवर सर्वांत चांगलं ज्यांनी लिहिलं त्या लक्ष्मीबाई टिळकांचीही हीच तऱ्हा. त्यांचे पती नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधल्या काळात त्यांचं काय झालं ते 'स्मृतिचित्रे'त आहे. वाचताना आपण हसत असतो. मी ते पुस्तक तिसऱ्या पानासाठी उघडलं होतं, एखादं उद्धृत करण्याजोगं तत्त्वचिंतन सापडेल म्हणून. मिळाले ते सगळे किस्से. मग मी इयोबाकडे वळलो. इयोबाची गुरं गेली, मुलं गेली, अंगभर फोड आले. तीन मित्र भेटायला आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक शब्द न बोलता. इथवर त्यांचं उत्तम चाललं होतं. आठव्या दिवशी त्यांनी चिंतन सुरू केलं. पुढे तीस-पस्तीस अध्याय ते, इयोब आणि मागाहून आलेला एक तरुण असे बोलत राहिले, आणि अखेरीस देवाने त्या तिघांना खडसावलं. हे मी तिसऱ्या पानावर व्यवस्थित लिहून घेतलं आणि चौथं पान लिहायला बसलो.

आमच्या घरच्या रोझरीचा दिवस आला. उत्तनहून निघताना मावशीने न भाजलेल्या दीड किलो मिरच्या दिल्या होत्या. "घरी नीट शिक," म्हणाली होती. मला वाटलं, नुसतं बोलण्यापेक्षा प्रात्यक्षिक दाखवावं. मंडळी जपमाळ म्हणत असताना आत मंद आचेवर मिरच्या भाजत राहतील, चिंतनाच्या वेळी वास दरवळेल आणि मी म्हणेन, हा सुगंध कुठून येतो? बायको म्हणाली, "आपला एक्झॉस्ट पंखा बंद पडलाय." मी म्हटलं, विश्वास ठेव.

जपमाळ निम्मी झाली असेल. पहिल्यांदा मंगळूरच्या आजी खोकल्या, मग केरळचे अंकल. मग खोकणाऱ्यांची संख्या प्रार्थना म्हणणाऱ्यांपेक्षा जास्त झाली. आमची इमारत जुनी आहे आणि सगळ्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या एकाच डक्टमध्ये उघडतात. पाचच मिनिटांत तळमजल्यापासून सातव्या मजल्यापर्यंत सर्व धर्मांच्या माणसांना एकाच वेळी ठसका लागला. राष्ट्रीय एकात्मतेसाठी एवढं याआधी आमच्या सोसायटीत कोणी केलेलं नव्हतं. जिन्यातून पावलं वाजली. खालच्या मजल्यावरचे शेठ पाण्याची बादली घेऊन धावत वर आले. त्यांना वाटलं, आग. मी डोळ्यांना रुमाल लावून सांगितलं, "आग नाही, मसाला आहे." त्यांनी ग्रिलकडे एकदा बघितलं आणि बादली खाली ठेवली. त्यांच्या चेहऱ्यावर पत्रक वाया गेल्याचं दुःख होतं.

सगळे जिन्यात आणि गच्चीवर आले. जपमाळ गच्चीवर पूर्ण झाली. माझी चार पानं आत, टेबलावर, खाटात. समूहाच्या बाईंनी पर्समधून नवा करार काढला आणि म्हणाल्या, चिंतन राहू दे, आपण पत्रच वाचू. फोनच्या उजेडात त्या याकोबाचा पहिला अध्याय वाचायला लागल्या. कसोट्यांची तीन वचनं झाली. मी मान डोलावली. पुढे देव कोणाला मोहात पाडत नाही, वगैरे. मग एकोणिसावं वचन आलं, त्याचा आशय असा की माणसाने ऐकायला तत्पर असावं आणि बोलायला धीमं. बाईंनी वाचता वाचता चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. माझ्या बायकोने तर मान पूर्ण वळवून बघितलं. माझं वाचन या वचनाच्या कितीतरी अलीकडे थांबलं होतं.

त्या थांबल्या नाहीत. दुसरा अध्याय सुरू केला. त्यात याकोब विचारतो की एखाद्या भावाला किंवा बहिणीला अंगावर कपडा नाही, त्या दिवसाचं अन्न नाही, आणि तुम्ही त्यांना नुसतं म्हणालात, जा, ऊब घ्या, पोटभर जेवा, पण दिलं काहीच नाही, तर त्याचा उपयोग काय? म्हणजे कसोटीवरचं ते सुप्रसिद्ध वाक्य लिहिणाऱ्या माणसानेच पुढच्या पानावर भात कुठाय म्हणून विचारलं होतं. मला मावशीची चाळण आठवली आणि ठसका लागला, मिरचीचा.

तेवढ्यात खालचे शेठ आणि त्यांची सून पुन्हा वर आले. हातात स्टीलचं मोठं पातेलं, पेल्यांची चळत. ताक होतं, जिरं घातलेलं. मिरचीच्या जळजळीवर पाण्याचा उपयोग होत नाही, ताक-दुधाचा होतो, हे त्या घरात आमच्या घरापेक्षा जास्त माहीत होतं. शेठनी स्वतः प्रत्येकाला पेला भरून दिला. मला देताना म्हणाले, "आधी तुम्ही घ्या." ते बोलले ते एवढंच. सामोसे आत होते, ते कोणी आणायला गेलं नाही.

मिरच्यांचं म्हणाल तर निम्म्या वाचल्या. त्या मी नंतर उत्तनला नेऊन दिल्या. मावशीने त्या हातात घेऊन पाहिल्या, वास घेतला आणि कोंबड्यांपासून लांब टाकल्या. जूनमध्ये मासेमारी बंद झाली, मग तिने आपल्या मसाल्याची एक बाटली आमच्याकडे पाठवली आणि दुसरी खालच्या शेठसाठी. त्यांनी ती हात जोडून परत केली आणि बाटलीसोबत खाकऱ्यांचं पुडकं धाडलं. दोन्ही आमच्याकडे राहिली.

कोणाला पुढच्या मेमध्ये कसोटीवर बोलायचं असेल तर माझी चार पानं तयार आहेत, घेऊन जा. त्यांना अजून वास येतो. फक्त आधी पत्र वाचा. पाचच अध्याय आहेत, वीस-पंचवीस मिनिटांत होतं. तेही शक्य नसेल तर निदान दुसऱ्या अध्यायापर्यंत जा, आणि एक्झॉस्ट पंखा तपासून घ्या.